छतातल्या वायरीत किती मावतं?

बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात, औद्योगिक वसाहतीमागे, होसूर रस्त्याच्या गजबजाटापासून थोडं आत, मूळच्या कोल्हापूरकर कुटुंबाचं एक घर आहे. बांधकाम २०१०चं. मालक यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात अभियंता होते, आता निवृत्त. घर बांधताना त्यांनी दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावायचा हट्ट धरला आणि जिप्समचं छत बंद व्हायच्या आत, पुढे काय लागेल कोण जाणे म्हणून, मिळतील तेवढ्या वायरी त्यात घालून ठेवल्या. एक एचडीएमआय, तांबडी-हिरवी-निळी अशी कंपोनंटची तिकडी, पिवळ्या टोकाची कंपोझिट, एक व्हीजीए आणि नेटवर्कची एक कॅट फाइव्ह ई.

पंधरा वर्षांत त्यातल्या दोन वापरल्या गेल्या. बाकीच्या जशा घातल्या तशाच राहिल्या. आता जुना प्रोजेक्टर निकाली निघाला, नवा फोर-के आला आणि एस. पी. रोडवरच्या दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला: जुनं सगळं काढा, नवी केबल टाका.

'काढा' म्हणायला दुकानदाराचं काय जातं? आपल्याकडचं घर म्हणजे आरसीसीचा स्लॅब, विटांची नाहीतर ब्लॉकची भिंत आणि त्यावर प्लास्टर. अमेरिकेत लाकडी चौकटीवर बोर्ड ठोकून भिंत उभी करतात, वर पोटमाळा असतो. तिथे वायर बदलायची तर पोटमाळ्यावर चढून खाली सोडता येते. इथे भिंतीत झिरी पाडावी लागते, पीओपीवाला बोलवावा लागतो, मग रंगवाला, आणि रंग जुन्याशी जुळत नाही म्हणून अख्खी खोली रंगवावी लागते. दोन-तीन हजारांच्या केबलपायी वीस-पंचवीस हजारांचं काम निघतं. शिवाय आठवडाभर घरात धूळ.

या घरात आणखी एक पंचाईत होती. छतावरून भिंतीत उतरणारी पाइप २५ मिलिमीटरची. एचडीएमआयचं धातूचं टोक जेमतेम १४ मिलिमीटर रुंद असलं, तरी त्याभोवतीचा प्लास्टिकचा साचा वीसच्या पुढे जातो. असं डोकं पाइपच्या वळणातून जात नाही. २०१० साली गवंड्याने यावर झटपट तोडगा काढला होता: पाइप बाजूला ठेवून केबल तशीच झिरीत दाबली आणि वरून प्लास्टर मारलं. म्हणजे ती आता ओढून निघणार नाही. ती वापरायची, नाहीतर विसरायची.

वायरिंगला आलेला तरुण खानापूरकडचा. बोलणं मराठी, मध्येच कानडी, अंगात घाई अजिबात नाही. दुकानदाराचा निकाल ऐकून तो म्हणाला, "आधी बघू तरी की साहेब, तिच्यावर काय लिवलंय ते." शिडीवर चढून त्याने छतातून लोंबणारं केबलचं टोक हातात घेतलं, बॅटरीचा उजेड तिरका धरला आणि काळ्या कवचावरची पुसट अक्षरं अंगठ्याने पुसत वाचली. हाय स्पीड. २४ एडब्ल्यूजी. लांबी साधारण १२ मीटर.

ही त्रोटक माहिती हीच या गोष्टीची खरी कुंडली. एडब्ल्यूजीचा आकडा जितका लहान तितकी आतली तार जाड. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या केबलमध्ये २८ किंवा ३० नंबरची तार असते; दीड मीटरला ती चालून जाते. या गृहस्थांनी तेव्हा २४ नंबरची, बोटाएवढी जाड, वळवताना हात दुखवणारी केबल घेतली होती. तांब्याच्या तारेत फ्रिक्वेन्सी वाढली की प्रवाह तारेच्या कडेकडेने वाहू लागतो, आतलं तांबं जणू नसल्यासारखं होतं आणि सिग्नल वाटेतच झिजतो. लांबी वाढली की झीज वाढते. म्हणून जाड तार. वायर 'जुनी' झाली म्हणजे काय झालं, असा प्रश्न विचारला तर उत्तर येतं की काहीच झालं नाही. कवच उंदरांनी कुरतडलं नसेल आणि टोकं गंजली नसतील, तर २०१० साली तिच्यातून जेवढं जात होतं तेवढंच आजही जातं. बदललंय ते आपण तिच्यात काय कोंबू पाहतो ते.

एचडीएमआयचा जन्म डिसेंबर २००२चा. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली. पहिल्या आवृत्तीत सेकंदाला ४.९५ गिगाबिट जायची सोय होती. २००६च्या १.३ मध्ये ती १०.२ झाली, २०१३च्या २.० मध्ये १८, २०१७च्या २.१ मध्ये ४८, आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या २.२ मध्ये ९६. हे आकडे यंत्रांचे. केबलला आवृत्ती नसते, तिचा वर्ग असतो: हाय स्पीड म्हणजे १०.२ पर्यंत तपासलेली, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. केबलवर आवृत्तीचा आकडा छापायला परवाना देणाऱ्या संस्थेची मनाई आहे, तरी एस. पी. रोडवर काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय नि पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, 'टू पॉइंट वन केबल' मागितली की मिळते. वेष्टनावर स्कॅन करायचं प्रमाणपत्राचं लेबल आहे का, एवढं विचारून बघावं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता या घरातला हिशेब. नव्या प्रोजेक्टरला फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा, रंगात काटछाट न करता पाठवायचं तर १७.८२ गिगाबिट लागतात. केबल १०.२ची. दुकानदार इथवर बरोबर होता.

पण सिनेमा सेकंदाला ६० चित्रांचा नसतोच, २४चा असतो. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायचे, वेग कमी-जास्त व्हायचा आणि कुणाचं फार बिघडत नसे. फिल्मच्या कडेला ध्वनी आला तेव्हा वेग एकसारखा ठेवणं भाग पडलं, नाहीतर आवाज चिरका-घोगरा व्हायचा. त्यात २४चा आकडा रुजला. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, तो याच स्थित्यंतराचा काळ. तेव्हापासून चित्रपटगृहाची चाल तीच. फोर-के चित्र सेकंदाला २४ वेळा पाठवायचं तर ८.९१ गिगाबिट पुरतात. एचडीआरचे जादा रंगही, ४:२:२ या रंग थोडे आखडणाऱ्या पद्धतीने पाठवले तर, त्याच ८.९१ मध्ये मावतात. म्हणजे नव्याकोऱ्या फोर-के सिनेमाला बोम्मसंद्र्याच्या छतातली पंधरा वर्षांची वायर कागदावर तरी पुरेशी आहे.

कागदावरचं पडद्यावर उतरतं का, ते त्या दुपारी बघायला मिळालं. इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारा डबा जोडला. हे डबे आल्या आल्या फोर-के ६० वर बसतात. समोर २४चा सिनेमा असला तरी तो ६०मध्ये वाढवून पाठवतात, त्यामुळे केबलवर विनाकारण दुप्पट भार येतो. पडदे ओढले, चित्र आलं. अंधाऱ्या दृश्यात आधी पांढरे ठिपके चमकू लागले, सुईच्या टोकाएवढे, कुठेही, क्षणभर. वायरमनच्या भाषेत 'चांदण्या'. मग पडदा काळा, दोन-तीन सेकंदांनी परत चित्र, परत काळा. डिजिटल सिग्नलची तऱ्हा अशी की तो जुन्या अँटेनासारखा हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. काठापर्यंत ठणठणीत असतो आणि काठ ओलांडला की कोसळतो. चांदण्या हा त्या काठावरचा अरुंद पट्टा.

घरच्या वहिनी म्हणाल्या, "झालं, आता फोडा भिंत." त्यावर खानापूरकर शिडीवरूनच, "थांबा की वैनी, इतक्यात नको." त्याने डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ६०चं २४ केलं, रंगाची पद्धत ४:२:२ केली, आणि सिनेमाच्या चालीप्रमाणे आपोआप बदलायची सोय होती तीही चालू केली. तोच सिनेमा, तेच अंधारं दृश्य. चांदण्या गेल्या. अर्धा तास चाललं, एकदाही काळं झालं नाही.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. या प्रोजेक्टरच्या पोटात डीएलपी चिप आहे. लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली काढलेली ही युक्ती: नखाएवढ्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे, प्रत्येक आरसा क्षणात इकडे, क्षणात तिकडे झुकणारा. घरगुती फोर-के प्रोजेक्टरमध्ये सर्रास वापरतात त्या ०.४७ इंची चिपवर आरसे असतात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. फोर-के चित्रात ठिपके ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट. चिपचं चित्र एका निमिषात चार वेळा किंचित सरकवून हे अंतर भरून काढतात. फसवणूक नाही ती, चित्र खरोखर बारीक दिसतं. पण १०० इंची पडदा २.२१ मीटर रुंद. १०८०च्या चित्रात त्यावरचा एक ठिपका १.१५ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत वेगळेपण कळतं, आणि चार मीटरवरून तो भाग १.१६ मिलिमीटर भरतो. या घरातला सोफा पडद्यापासून चार मीटरवर आहे. तिथे बसून १०८० आणि फोर-केमधला फरक ओळखायला डोळे ताणावे लागतात. रंगांचा, एचडीआरचा फरक मात्र लगेच कळतो. आणि घरात सगळ्यांत जास्त वेळा लागणारा सिनेमा 'अशी ही बनवाबनवी', १९८८चा; त्याला १८ गिगाबिट कशाला हवेत?

क्रिकेटचं वेगळं. थेट सामना सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांनी येतो. फोर-के ५०लाही केबलवर भार ६० एवढाच. तो जुन्या वायरीतून न्यायचा तर रंग ४:२:० असे आणखी आखडावे लागतात आणि एचडीआर सोडावा लागतो; नाहीतर १०८० पी ६० ठेवायचं, त्याला ४.४६ गिगाबिट पुरतात. मालकांनी दुसरा पर्याय घेतला. चेंडू फोर-केपेक्षा सुरळीत सरकलेला बरा, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. नातवाला मात्र गेमसाठी फोर-केमध्ये १२० हवेत. त्याचं या वायरीत काही होणार नाही, हे त्याला आजोबांनीच सांगितलं.

अशा कामात आणखी एका कारणाने निरपराध वायर मार खाते. बऱ्याच घरांत चित्र येत नाही ते छतातल्या वायरीमुळे नव्हे, तर मधल्या ॲम्प्लिफायरमुळे. फोर-केच्या सिनेमांना एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं. प्रत्येक यंत्र पुढच्याला ओळख विचारतं; साखळीत एखादा २०१२चा ॲम्प्लिफायर असला की तो ओळख पटवू शकत नाही आणि डबा गुपचूप १०८० वर उतरतो, नाहीतर पडदा कोरा ठेवतो. लोक छत फोडतात, नवी केबल घालतात, आणि चित्र तसंच. भिंतीला हात लावायच्या आधी डबा थेट प्रोजेक्टरला छोट्या केबलने जोडून बघावा. पाच मिनिटांचं काम, पण शिडी आणायचा कंटाळा.

उरलेल्या वायरींचं काय करायचं, यावर त्या संध्याकाळी चहासोबत बरीच चर्चा झाली. कंपोनंटची तिकडी एके काळी मानाची. चित्र ॲनालॉग, तरी १०८० पर्यंत मजल जायची. ती तांत्रिक कारणाने मेली नाही, करारांनी मारली. ब्लू-रेच्या परवान्यानुसार २०१० नंतर बनलेल्या प्लेयरना ॲनालॉग वाटेने साध्या प्रतीचंच चित्र द्यायची मुभा राहिली, आणि २०१३ नंतर तीही संपली. नव्या प्रोजेक्टरला तर ती भोकंच नसतात. पण वायर मूळची ७५ ओहमची को-ॲक्सियल, आणि डिजिटल आवाजाच्या को-ॲक्सियल वाटेला नेमकी तीच लागते. त्यामुळे डबा वर प्रोजेक्टरपाशी ठेवायचा झाला तर आवाज खाली आणायला तांबडी वायर चालते, पाच अधिक एकचा डॉल्बी आवाज तिच्यातून सुखाने उतरतो. निळी त्यांनी सबवूफरला दिली. तो बोजड खोका पडद्याजवळून उचलून मागच्या कोपऱ्यात गेला आणि वहिनींना दिव्याची जागा परत मिळाली. या साऱ्या उद्योगातला बिनतक्रार आनंद तेवढाच. व्हीजीएला मात्र काही काम सापडलं नाही. आयबीएमने १९८७ साली आणलेली ती पंधरा पिनांची वाट. तिची दोन्ही टोकं छाटली.

राहिली कॅट फाइव्ह ई. तिच्यावरून एचडीबेस-टी नावाच्या पद्धतीने चित्र नेता येतं. एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि इस्राएलची व्हॅलेन्स यांनी २०१० साली ती आणली, आणि १०८०चं चित्र त्यातून १०० मीटरपर्यंत जातं. दोन्ही टोकांना एकेक डबी लावायची. वायर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवी. मध्ये राउटर घातला की संपलं, आणि लोक नेमकं तेच करतात. शिवाय वायर अस्सल तांब्याची हवी. आपल्या बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मुबलक खपते. खानापूरकराने एका तारेचं कवच सोलून ब्लेडने तार खरवडली आणि उजेडात धरली. आत पांढरं चमकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तार आतपर्यंत तांबडी निघाली.

पण त्याची नजर वायरीवर नव्हतीच, ती ज्या पाइपातून आली होती त्यावर होती. या वायरीला टोक नंतर बसवतात, त्यामुळे २०१० साली ती पाइपातून रीतसर ओढली गेली होती. म्हणजे तीच ओढायची दोरी. तिच्या शेपटाला फायबरची नवी केबल बांधायची, पाइपात पावडर सोडायची आणि एकाने ढकलायचं, एकाने ओढायचं. प्रकाशतंतूंच्या एचडीएमआय केबलमध्ये चित्राचा सगळा भार काचेच्या चार तंतूंवर असतो, ओळखपाळख आणि विजेचं काम तेवढं तांब्याकडे. बारा मीटर तिला किरकोळ. काही केबलींचं डोकं मायक्रो एचडीएमआयचं, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतं, मोठं टोक वरून बसवायचं. असं डोकं २५च्या पाइपातून जातं. दोन पथ्यं: केबलला दिशा असते, एका टोकावर यंत्र, दुसऱ्यावर पडदा असं छापलेलं असतं, आणि उलटी ओढली गेली तर सगळी मेहनत परत. दुसरं, काच आहे, काटकोनात मुडपायची नाही. मालकांनी ती केबल आत्ता घेतली नाही. नातवाचा हट्ट टिकला तर बघू, म्हणाले.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण बोम्मसंद्र्यात राहून ते न करणं कठीण. १० ऑगस्ट २०२५ ला बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, १९.१५ किलोमीटर. शेवटच्या स्थानकावर 'डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्रा' अशी पाटी आहे. अलीकडच्या हेब्बगोडीला बायोकॉनचं नाव. डेल्टा म्हणजे तैवानची, १९७१ साली टीव्हीच्या कॉइल बनवत सुरू झालेली कंपनी. विव्हिटेक आणि डिजिटल प्रोजेक्शन हे प्रोजेक्टरचे दोन ब्रँड तिच्या घरचे. रोज हजारो लोक त्या पाटीखालून होसूर रस्त्यावर उतरतात. आमच्या यजमानांचा प्रोजेक्टर भलत्याच कंपनीचा, पण ही माहिती ऐकल्यावर त्यांना आपण फार योग्य गावी घर बांधलं असं वाटू लागलं.

मेट्रो आली तशी या भागात बांधकामंही वाढलीत, आणि यजमानही वरचा मजला चढवतायत. मुलाला तिथे मोठा पडदा हवा. आत्ता कुठली वायर घालून ठेवू, या त्यांच्या प्रश्नावर वायरमनचं उत्तर: "वायर नकोच साहेब. पाइप तेवढी घाला, मोठी." ४० मिलिमीटरची, कोपऱ्यावर एल्बो नाही, लांब गोलाई दिलेली, वळणं दोनापेक्षा जास्त नाहीत, विजेच्या पाइपापासून वेगळी, आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बॉक्समध्ये बांधलेली. माझ्या मते तेवढी जाडजूड केबल आणूनही यजमानांची २०१० सालची चूक केबलची नव्हतीच, पाइपची होती.

गवंडी याला तयार नव्हता. स्लॅब पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटर. त्यात ४०ची पाइप घालायची म्हणजे सळयांच्या मधली जागा ती खाणार, काँक्रीट नीट बसणार नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. अभियंता असलेल्या यजमानांनी लगेच पेन काढलं. पाइप स्लॅबमध्ये घालायचीच नाही. स्लॅबच्या खालून, जिप्समच्या वरून क्लिपा मारून न्यायची आणि फक्त भिंतीत झिरी पाडायची, तीही प्लास्टरच्या आधी. वायरमनला ते पटलं. जिप्समवाल्याने छत दोन इंच आणखी खाली येईल म्हणून कुरकुर केली, वहिनींनी पंखा किती खाली येईल ते विचारलं, आणि पेन परत चालू झालं.